‘बाहेरच्या शिपायाने कापलेले अंतर’ म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत?

अर्धा_इंच (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:५२

मंडळी, आत्ताच मुलुंडहून घरी पोचलोय, मेगाब्लॉक संपला म्हणे पण गाडी काही वेळेवर आली नाही, डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून झोपायच्या आधी इथे टाकतोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: आम्ही सहाजण महिन्यातून एक रविवार टेबलावर मिनीएचर लढाया खेळतो. डायनिंग टेबलवर सहा बाय चारचं प्लायवूड, त्यावर हिरवं कापड, पुठ्ठ्याची घरं, आणि २८ मिमीचे रंगवलेले शिपाई. यावेळी असईची लढाई होती, २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यातली. चिठ्ठी काढल्यावर माझ्याकडे वेलस्ली आला, त्यामुळे ‘इंग्रज का झालास’ वगैरे शिव्या आजच खाऊन झाल्यात, इथे नकोत. समोर केळनाकाठ (इथलाच आयडी), त्याच्याकडे शिंद्यांच्या कवायती पलटणी.

तर तिसऱ्या चालीला मी केळना नदी ओलांडून त्याच्या बगलेवर आलो, आणि हा गडी म्हणाला मी पलटण ९० अंशात फिरवणार. पलटण म्हणजे पाच शिपाई रुंद, प्रत्येकाचा बेस (पायाखालचा तुकडा) २० मिमी चौकोनी, एकूण रुंदी १०० मिमी. पायदळाची चाल, म्हणजे एका खेपेला सरकता येतं ते अंतर, ६ इंच. आमच्या मंडळाच्या नियमातला शब्द न् शब्द असा आहे:

*नियम ७. तुकडी वळताना आतला शिपाई जागेवर राहील. बाहेरच्या शिपायाने जेवढे अंतर कापले तेवढी चाल खर्च झाली असे धरावे.*

त्याने काय केलं, बाहेरचा कोपरा आधी कुठे होता तिथे फासा ठेवला, पलटण पूर्ण फिरवली, आणि जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत स्टीलची टेप सरळ धरली. साडेपाचच्या जरा पुढे. म्हणे बसलं सहात. मी म्हटलं अरे कोपरा काय उडत गेला का, तो गोल फिरत गेला ना, मग गोलावरून मोज. आईची शिंप्याची टेप नेली होती ती उभी धरून कंसावरून लावली तर सहाच्या वर जाते. म्हणजे पलटण ९० ला पोचतच नाही, थोडी अलीकडेच थांबते.

आता तुम्ही म्हणाल एवढ्याशाने काय होतंय. होतंय! आमच्यात पलटण आपल्या रुंदीच्या पट्ट्यातच सरळ समोर गोळीबार करते. ती पूर्ण वळली तर माझी ७४वी रेजिमेंट पट्ट्यात येते, नाही वळली तर केसाने बाहेर राहते. पाऊण तास वाद झाला, वडे गार झाले, डाव अर्धवट सोडून आलोय, टेबल तसंच मांडलेलं आहे. यजमानांना बुधवारपर्यंत डायनिंग टेबल परत हवंय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मुलुंड_चेकनाका | रविवार, ११:५८

यजमान मीच. बुधवार नाही, मंगळवार. बायकोने आज जमिनीवर बसून जेवलंय.

फासेबहाद्दर | सोमवार, सकाळी ७:१०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

केळनाकाठ | सोमवार, सकाळी ८:३५

धागाकर्त्याने निम्मंच सांगितलंय म्हणून दुसरी बाजू लिहितो (ठाणा स्लो लोकलमध्ये उभा आहे, टायपो सांभाळून घ्या).

एक, नियमात ‘अंतर’ लिहिलंय. अंतर म्हणजे दोन जागांमधलं अंतर. शाळेत काय शिकलो, अंतर वेगळं आणि रस्ता वेगळा. ‘वाट’ लिहायचं असतं तर वाट लिहिलं असतं.

दोन, असईला नेमकं हेच झालं होतं. वेलस्ली केळना ओलांडून बगलेवर आला, त्याला वाटलं आता हे गडबडणार, आणि शिंद्यांचा अधिकारी पोलमन, त्याच्या हाताखालच्या कवायती पायदळाने मोर्चा फिरवला, एक टोक केळनेकडे आणि दुसरं असई गावाकडे जुईच्या काठाला. वेलस्लीला ही अपेक्षाच नव्हती. आता ज्या लढाईत ही पलटण खरोखर फिरली त्याच लढाईच्या खेळात ती पाच मिलिमीटरने अडकते असं म्हणणं म्हणजे नियमापुढे इतिहास खोटा का?

तीन, आईच्या टेपबद्दल: शिंप्याची टेप ताणली जाते. ती पुरावा म्हणून चालणार नाही.

अर्धा_इंच | सोमवार, ९:०२

ताणली तर अंतर कमी दिसेल रे, जास्त नाही. तुझ्याच फायद्याची आहे टेप.

कंपासपेटी | सोमवार, दुपारी १:२०

डबा खाता खाता आकडे काढले, शाळेत गणितच शिकवतो त्यामुळे राहवलं नाही.

आतला कोपरा केंद्र, त्रिज्या १०० मिमी. ९० अंशाचा कंस १५७ मिमी, म्हणजे ६.१८ इंच. तीच जीवा, म्हणजे सरळ टेप धरली तर, १४१.४ मिमी, ५.५७ इंच. ६ इंच म्हणजे १५२.४ मिमी. म्हणजे कंसाने पलटण ८७.३ अंशाला थांबते. तुमचं सगळं भांडण पावणेतीन अंशाचं आहे. बारा इंचांवर पावणेतीन अंश म्हणजे चौदा-पंधरा मिमी सरकतं, तेव्हा ७४वी वाचते हे धागाकर्त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

पण केळनाकाठ, तुमच्या पद्धतीची गंमत बघा. एकदम ९० फिरलात तर खर्च ५.५७. तेच ४५ आणि मग ४५ असं दोन टप्प्यात फिरलात तर दोन्ही जीवा मिळून ६.०३ इंच, म्हणजे चाल संपली! तोच कोपरा, तीच जागा, तोच शेवट, फक्त मधे दम घेतला म्हणून खर्च वाढला. आणि १८० अंश फिरलात तर खर्च ७.८७. त्याच्या पुढे फिरत राहिलात तर खर्च कमी व्हायला लागतो. पूर्ण ३६० अंशाची प्रदक्षिणा घातलीत तर निघालात तिथेच परत, अंतर शून्य, खर्च शून्य. पलटणीने मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालाव्यात आणि मग सहा इंच चालावं.

फासेबहाद्दर | सोमवार, १:२६

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). प्रदक्षिणा फुकट!

केळनाकाठ | सोमवार, १:५०

मी प्रदक्षिणा कुठे मागतोय, मला ९० च हवेत. टोकाची उदाहरणं देऊन कुठलाही नियम वेडा ठरवता येतो सर.

वकीलीणबाई | सोमवार, रात्री ८:१५

नवऱ्यामुळे हा धागा वाचतेय (तो या सहाजणांपैकी एक, कोण ते सांगत नाही), मला मिनी-बिनीतलं कळत नाही पण ‘अंतर’ शब्दावर भांडण दिसलं म्हणून लिहिते.

आपल्याकडे जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ आहे, त्याचं कलम ११ याच विषयावर आहे. केंद्रीय कायद्यात अंतर मोजायचं झालं की ते सरळ रेषेत आणि क्षितिजसमांतर पातळीवर मोजायचं, वेगळा हेतू दिसत नसेल तर. तुमचे घरचे नियम म्हणजे केंद्रीय कायदा नाही हे मान्य, पण ‘अंतर’ शब्द नुसता वापरला तर पहिला अर्थ सरळ रेषा, हे माझं मत. तेव्हा केळनाकाठचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हो.

केळनाकाठ | सोमवार, ८:१९

ताई तुम्हाला साष्टांग नमस्कार. कलम ११. लिहून घ्या रे सगळ्यांनी.

अर्धा_इंच | सोमवार, ८:४०

ताई, पण हायवेच्या दारूबंदीला काय झालं आठवतंय ना, डिसेंबर २०१६ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश, हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. नंतर २०१७ ला केरळात एका बारने आपल्याच आवारात वळणावळणाची वाट बांधली, गिऱ्हाइकाने चक्रव्यूहातून चालत जायचं, म्हणजे चालण्याचं अंतर वाढलं आणि बार मर्यादेबाहेर गेला. सगळ्या पेपरात फोटो आला होता. म्हणजे अंतर चालत मोजायचं असंही लोक मानतातच की.

वकीलीणबाई | सोमवार, ८:५५

मानतात, आणि म्हणूनच आमची पोटं भरतात. पण तुमचं उदाहरण नीट बघा, तिथे बार जागेवरच होता, हललं काहीच नाही. तुमच्याकडे शिपाई हलतोय. ‘दुकान शाळेपासून किती अंतरावर आहे’ आणि ‘रिक्षाने किती अंतर कापलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर मीटर बघून देतात. तुमच्या नियमात ‘कापले’ हे क्रियापद आहे ते कोणी वाचतच नाहीये. आता मी कोणाच्या बाजूने आहे ते मलाच कळेना.

एनसीसी_९४ | सोमवार, रात्री १०:०५

इतके हुशार लोक आणि एकानेही कधी परेड केली नाही?

‘दाहिने घूम’ म्हटल्यावर आतला जवळजवळ जागेवर कदमताल करतो आणि बाहेरचा लांब पावलं टाकत गोल येतो. रांग सरळ राहिली पाहिजे, खांद्याला खांदा. बाहेरचा जर सरळ कोपरा कापून आला ना तर शेजाऱ्याच्या अंगावर जाईल आणि उस्ताद त्याला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावेल. शिवाजी पार्कला २६ जानेवारीच्या परेडच्या तालमीला मी सर्वात बाहेरचा होतो, उंच म्हणून, सकाळी सहाला दव पडलेल्या गवतावर. आतल्याला काही कळत नाही, बाहेरच्याच्या पिंढऱ्या भरून येतात. त्यामुळे मला कंस की जीवा हे कोणी विचारू नये.

पुठ्ठेवाला | सोमवार, १०:३०

+१ एनसीसी.

अवांतर: हे बहुतेकांना माहीत नसेल, १९१३ ला एच. जी. वेल्सने टिनच्या शिपायांचे जे नियम छापले त्यात पायदळ एक फूट, घोडदळ दोन फूट, आणि मोजायला त्या मापाचे दोरीचे तुकडे. टेप वगैरे नाही, दोरी! आणि दोरीचा गुण असा की ती वाटेने वळते. मी पण दोरीच वापरतो, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला पतंगाच्या दुकानातून घेतलेला जाड दोरा, दर इंचाला मार्करने खूण. हवेत ओलावा असला की जरा आखडतो, तेवढं सोडा.

चाळीसहजारी | मंगळवार, सकाळी ६:५०

तुम्ही ऐतिहासिकवाले अजून यातच आहात होय, आमच्याकडे वॉरहॅमर ४०,००० मध्ये (भविष्यातल्या लढायांचा असाच मिनीएचर खेळ) हा तमाशा कधीचा चालू आहे. पूर्वी लांबुडका रणगाडा जागच्या जागी फिरवून पुढे फुकट दोन इंच मिळवायचे लोक, मग २०२४ ला फिरण्याचाच खर्च लावला, गोल बेस असेल तर शक्यतो शून्य, लांबुडक्या गाड्यांना २ इंच. संपला विषय. कंस नाही जीवा नाही.

आणि दोघांचं पटलंच नाही तर नियमपुस्तकात लिहिलेलं आहे की फासा टाका, ज्याचा मोठा त्याचं खरं, आणि खेळ पुढे न्या. पाऊण तास वडे गार करण्यापेक्षा बरं.

केळनाकाठ | मंगळवार, ७:४०

फासा मीच सुचवलेला, धागाकर्ता नाही म्हणाला.

अर्धा_इंच | मंगळवार, ७:४४

कारण फासा तुझा होता. आणि फाशाने त्या दिवसापुरतं भागतं, पुढच्या महिन्यात खर्ड्याच्या लढाईला तू परत तेच करणार.

बखरकार | मंगळवार, ११:१५

केळनाकाठ यांच्या इतिहासाच्या मुद्द्यावर थोडं.

पोलमनने मोर्चा फिरवला हे खरं, आणि ते कवायती पायदळाच्या शिस्तीचं मोठं काम होतं हेही खरं. पण अख्खी ओळ एका दारासारखी बिजागरीवर फिरली अशी कल्पना करू नका. हिशोब करा, दोन नद्यांमधली ती चिंचोळी पट्टी साधारण मैलभराची. मैलभर लांब ओळ दारासारखी ९० अंश फिरवायची तर बाहेरच्या टोकाला दीड मैलाहून जास्त चालावं लागेल, तेही शत्रू नदीतून वर चढत असताना. असे मोर्चे पलटणी-पलटणींनी सुटे होऊन, रांगा मोडून, नव्या जागी जाऊन परत मांडून बदलतात. म्हणजे टेबलावर ते व्हील (एका टोकाभोवती अख्खी ओळ फिरवणं) नसून रचना बदलणं आहे, तुमच्या नियमात त्यासाठी वेगळा नियम असेल तर तो वापरा. इतिहासाने नियम ७ चा अर्थ लागत नाही, फार तर ‘नियम ७ वापरायलाच नको होता’ एवढं कळतं.

जाता जाता, त्या लढाईतली मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे उतार, नदी पायी ओलांडायची जागा. वाटाड्यांनी सांगितलं पुढे उतार नाही, वेलस्लीने पाहिलं की दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, पीपळगाव आणि वरूड, तर मधे उतार असणारच, आणि होता. लिहिलेलं काहीच नव्हतं, गावं का तिथे वसली असतील एवढाच विचार केला. नियम वाचतानाही तसं करून बघा, शब्द सोडा, हा नियम तिथे का आला असेल ते शोधा.

न्यू_जॉइनी | मंगळवार, ११:४०

छान चर्चा. हे शिपाई मुंबईत कुठे मिळतात? आणि साधारण किती खर्च येतो सुरुवातीला?

पुठ्ठेवाला | मंगळवार, ११:५५

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. हल्ली बरेच जण रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतात. एकच सांगतो, जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर मारू नका, आपल्या दमट हवेत पांढरी भुकटी बसते, माझे वीस भालेवाले पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे झालेत.

शास्त्रीबुवा_दादर | मंगळवार, दुपारी ३:३०

बखरकारांचा शेवटचा मुद्दा आवडला पण ‘शब्द सोडा’ मान्य नाही. शब्द आधी.

आपल्याकडे मीमांसकांनी वाक्याचा अर्थ कसा लावायचा यावर दोन हजार वर्षं डोकं घातलंय. यज्ञात कुठली आहुती कधी, कुठलं भांडं कशासाठी, तुमच्या मिनीइतकेच बारीक वाद. जैमिनीने सहा साधनं उतरत्या क्रमाने दिली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. दोघांत विरोध आला की आधीचं जिंकतं. स्पष्ट विधान सर्वात बळकट, नुसतं नाव सर्वात दुबळं.

आता नियम ७ मध्ये स्पष्ट विधान पुरेसं नाही म्हणूनच भांडण आहे, तर खाली उतरत प्रकरणाकडे या, म्हणजे आजूबाजूचा संदर्भ. कोणी तुमचं नियमांचं बाड पूर्ण टाकेल का? नियम ७ च्या वरखाली काय आहे?

मुलुंड_चेकनाका | मंगळवार, ४:१०

बाड माझ्याकडेच आहे, झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धं पुसट. नियम ८ दारूगोळ्याचा, संबंध नाही. नियम ९ असा:

*टेकडी चढता-उतरताना दोरी जमिनीला टेकवून मोजावे.*

आणि टेबल आजच्या आज उचलायचंय. हे पण नियम समजा.

शास्त्रीबुवा_दादर | मंगळवार, ४:२५

झालं की मग. दोरी जमिनीला टेकवून! म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात चाल म्हणजे पाय जिथून जातात ती वाट. चढावर जो चढ मोजतो तो वळणावर जीवा धरेल हे संभवत नाही. प्रकरणावरून कंस.

वकीलीणबाई | मंगळवार, ५:०५

आणि माझं कलम ११ पण इथेच बाजूला होतं. त्यात म्हटलंच आहे, वेगळा हेतू दिसत नसेल तर. क्षितिजसमांतर सोडून उतारावरून मोजा असं शेजारीच लिहिलंय म्हणजे वेगळा हेतू चांगला ढळढळीत दिसतोय. मी केळनाकाठ यांचं वकीलपत्र सोडते. फी परत मिळणार नाही.

केळनाकाठ | मंगळवार, ५:३०

बरं कंस तर कंस. हरलो. ८७ अंशाला थांबवा माझी पलटण.

(पण मला अजून वाटतंय की काहीतरी राहतंय. आम्ही सात-आठ वर्षं याच नियमाने खेळतोय आणि ९० चं व्हील कधी अडलं नव्हतं.)

अर्धा_इंच | मंगळवार, ५:३४

सर्वांचे आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

ट्रेवाला_विक्रोळी | मंगळवार, ७:००

थांबा थांबा. मोजताना पलटण ट्रेवर (अख्खी पलटण एकत्र सरकवायच्या) होती का? मी लेझर कटिंगचे एमडीएफचे ट्रे करतो, कडेला तीन मिमीची पट्टी असते. तुम्ही ट्रेचा कोपरा धरला असेल तर त्रिज्या १०० नाही, १०६. तुमच्या पावणेतीन अंशाच्या हिशोबात तो फरक काही लहान नाही.

अर्धा_इंच | मंगळवार, ७:०८

ट्रेवर होती, पण मोजलं बेसच्या कोपऱ्यावरून. बाहेरच्या शिपायाचा बाहेरचा पुढचा कोपरा.

कंपासपेटी | मंगळवार, रात्री ९:४५

पेपर तपासत होतो, धागाकर्त्याचा हा शेवटचा प्रतिसाद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

‘शिपायाचा कोपरा’. शिपायाला कोपरा असतो का?

आपण तीन दिवस ‘अंतर’ शब्दावर भांडतोय आणि नियमात त्याच्या आधीचा शब्द आहे शिपाई. कोपरा हा शब्द नियमात कुठेच नाही. शिपाई उभा असतो बेसच्या मधोमध, कडेपासून १० मिमी आत आणि पुढच्या धारेपासून १० मिमी मागे. मग आतल्या कोपऱ्यापासून त्याची त्रिज्या १०० नाही, ९०.६. त्याचा ९० अंशाचा कंस १४२ मिमी, ५.६ इंच. बसतो सहात, आरामात.

आणि गंमत अशी की केळनाकाठने सरळ टेपने मोजलेली जीवा १४१.४ मिमी होती. चुकीच्या रस्त्याने गेला आणि एका मिलिमीटरच्या आत बरोबर उत्तरावर पोचला. परीक्षेत असं झालं की मी अर्धे मार्क देतो.

केळनाकाठ | मंगळवार, ९:५१

सर!!!!!

अर्धा_इंच | मंगळवार, ९:५८

एक मिनिट. शिपाई म्हणजे बेससकट शिपाई. इतर सगळ्या गोष्टींना आपण बेसच्या कडेपासूनच मोजतो, गोळीबार, हल्ला, सगळं. इथेच मधून कसं मोजणार? हे वकिली चाललंय.

वकीलीणबाई | मंगळवार, १०:०२

वकिलीला नावं ठेवू नका.

जुना_गिरगावकर | मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. पोराने लिंक पाठवली म्हणून बऱ्याच दिवसांनी इथे आलो. ते बाड माझ्या अक्षरातलं आहे. नियम मी आणि अजून एकाने मिळून गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत लिहिले, सतरंजीवर खेळायचो, कारण टेबल नव्हतंच.

तुम्ही सगळे एवढं खोल गेलात ते वाचून बरं वाटलं, पण त्या वेळी चौकोनी बेस ही भानगडच नव्हती. आम्ही शिपाई चार आण्यांच्या नाण्यांवर फेविक्विकने चिकटवायचो. पंचवीस पैसे, स्टीलचे, १९ मिमी, एकदम योग्य माप आणि वजन असल्यामुळे शिपाई पडत नसे. पाच नाणी शेजारी-शेजारी लावली की झाली पलटण. गोल नाण्याला कोपरा कुठून येणार? म्हणून लिहिताना ‘शिपाई’ लिहिलं, दुसरं सुचायचं कारणच नव्हतं.

आणि ‘आतला शिपाई जागेवर राहील’ हे तर कोणीच वाचलेलं दिसत नाही. जागेवर म्हणजे आपल्या जागी स्वतःभोवती फिरेल, आतल्या कोपऱ्यावर नाही. म्हणजे मोजायचं ते आतल्याच्या डोक्यापासून बाहेरच्याच्या डोक्यापर्यंत दोरी धरून. आम्ही तर दोरीचं एक टोक आतल्याच्या टोपीवर बोटाने दाबून धरायचो आणि खडूने सतरंजीवर रेघ मारायचो, मग आईच्या शिव्या.

कंपासपेटी | मंगळवार, ११:३८

काका, म्हणजे त्रिज्या चार नाण्यांची, ७६ मिमी, कंस ४.७ इंच. आणि आजच्या २० मिमीच्या बेसवर ८० मिमी, कंस ४.९५ इंच. म्हणजे केळनाकाठची पलटण पूर्ण वळून वर एक इंच पुढेही जाऊ शकली असती.

केळनाकाठ | मंगळवार, ११:४१

आणि म्हणूनच आठ वर्षं अडलं नव्हतं! आधी सगळे नाण्यावरच होते. चौकोनी बेस आपण गेल्या दिवाळीत केले, त्यानंतर पूर्ण ९० चं व्हील लागलंच नाही या रविवारपर्यंत.

बखरकार | बुधवार, सकाळी ६:३०

गावं समोरासमोर का वसली, सापडलं.

अर्धा_इंच | बुधवार, ८:२०

काका, आदर आहे, पण तुमच्या मनात काय होतं ते आम्हाला बंधनकारक कसं? लिहून दिलंत की नियम आमचा झाला. आणि आता बेस चौकोनी आहेत, ट्रेवर आहेत, आतला शिपाई स्वतःभोवती फिरवायचा तर त्याचा मागचा कोपरा शेजारच्या पलटणीत घुसतो. मी रात्री करून बघितलं, माझे दोन शिपाई आडवे झाले.

जुना_गिरगावकर | बुधवार, ९:००

बंधनकारक मुळीच नाही रे बाबा. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. बदला खुशाल.

वकीलीणबाई | बुधवार, ९:४५

बदला, पण पुढच्या डावापासून. रविवारचा डाव रविवारच्या नियमानेच. अर्धा_इंच, चाल अंगावर आल्यावर नियम बदलायचा नसतो.

चाळीसहजारी | बुधवार, १०:१०

फासा टाकला असता तर रविवारीच संपलं असतं.

मुलुंड_चेकनाका | बुधवार, रात्री १०:५०

अहवाल. टेबल मंगळवारी उचललं नाही, बायको माहेरी गेली दोन दिवस (रागाने नाही, मेव्हणीचं बाळंतपण आहे), त्यामुळे आज संध्याकाळी चौघं जमलो. पलटण पूर्ण ९० वळवली, उरलेला इंचही केळनाकाठने घेतला. गोळीबार केला. सहा फासे, प्रत्येकावर चार किंवा जास्त पडायला हवेत. पडले एक, एक, दोन, तीन, एक, तीन. ७४व्या रेजिमेंटचा एक शिपाईसुद्धा मेला नाही. पुढच्या चालीला तिनेच पलटण उधळली.

पुढच्या डावापासूनचा नियम, सर्वानुमते: चौकोनी बेसला आतला पुढचा कोपरा स्थिर, बाहेरच्या पुढच्या कोपऱ्याने मोजायचं, कंसावरून, ट्रेची पट्टी सोडून. पायदळाची व्हीलची चाल साडेसहा इंच धरायची, म्हणजे पाच जणांची पलटण पूर्ण वळते. कंपासपेटींनी घरच्या जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून चतकोर करून दिलाय, १०० मिमी त्रिज्येचा, कडेला अर्ध्या अर्ध्या इंचाच्या खुणा, मागे अजून गणपतीचं चित्र आहे. तो कोपऱ्याला लावायचा आणि वाचायचं.

सहा जणांची पलटण केली तर हा चतकोर चालत नाही, त्याला १२० चा लागेल. ज्याच्याकडे जुन्या पत्रिका असतील त्याने आणाव्यात.

केळनाकाठ | बुधवार, ११:०५

एक, एक, दोन, तीन, एक, तीन. तीन दिवस भांडून.

अर्धा_इंच | बुधवार, ११:१२

फासा तुझाच होता.

आणि माझी टेप कोणाकडे राहिली आहे? पिवळी, शिंप्याची, एका टोकाची पितळी पट्टी निघालेली. आई ब्लाउज बेतायला बसलीय आणि मला विचारतेय.